सिनेमा बघून आलात? मग नीट सांगा

शुक्रवारी रात्री गावातल्या ग्रुपवर मेसेज पडतो, "एकदम भंगार. पैसे घालवू नका." खाली धडाधड अंगठे येतात. अंगठा देणाऱ्या बहुतेकांनी तो सिनेमा पाहिलेलाच नसतो. तरीही शनिवारी बारामतीला जायचं ठरवून बसलेलं एखादं घर बेत रद्द करतं. पुढच्या शुक्रवारी याच्या उलट घडतं. "५ पैकी ५, चुकवू नका" हे वाचून कुणी लेकराबाळांना घेऊन जातो, पडद्यावरची मारकाट बघून धाकटं पोर रडायला लागतं, आणि मध्यंतरालाच सगळे उठून बाहेर येतात. पाच तारे देणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला सिनेमा खरंच आवडला होता. पण तो मित्रांबरोबर गेला होता आणि हा सहा वर्षांच्या मुलीला घेऊन.

सिनेमा बघून आल्यावर त्याबद्दल बोलणं ही चांगली सवय आहे. ती सोडा असं मी म्हणत नाही, उलट अजून बोला असंच म्हणतो. मागणं एवढंच की ऐकणाऱ्याला आपलं आपण ठरवता येईल असं बोला. कोणता सिनेमा, कुठे बघितला, कुणाबरोबर बघितला, काय भावलं, कुठे कंटाळा आला, कुणाला दाखवावासा वाटला. पाच-सहा वाक्यांत होतं हे सगळं. तारे आणि आकडे त्यानंतर.

आपल्याकडे याची गरज शहरापेक्षा जास्त आहे. आपलं कळंब इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरच्या शेजारचं. पुण्यात राहणाऱ्याला एक सिनेमा नाही आवडला तर पुढच्या आठवड्यात चालत जाऊन दुसरा बघता येतो. इथून बारामतीला किंवा अकलूजला सिनेमाला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. ऊसतोडीच्या हंगामात तर घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी सवड मिळणं मुश्कील. पेट्रोल, चार तिकिटं, मध्यंतरात पोरांनी मागितलेलं खाणं, येताना बाहेरचं जेवण, असा सगळा हिशोब बसतो. वर्षातून दोन-तीनदा असा योग येणाऱ्या घराला शेजाऱ्याने दिलेला सल्ला चुकला तर त्यांचं वर्षातलं एक सुख वाया जातं. म्हणून शेजाऱ्याच्या तोंडचा शब्द इथे वर्तमानपत्रातल्या परीक्षणापेक्षा जड आहे.

आणि हे आजचं नाही. ज्यांनी जत्रेतला तंबू पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांत टुरिंग टॉकीज यायचे, पुसेगावसारख्या मोठ्या यात्रेत तर एकाहून जास्त तंबू शेजारी शेजारी लागायचे. ट्रकमधून कनाती, बांबू, पडदा आणि प्रोजेक्टर यायचा. दिवसभर भोंग्यावरून सिनेमाचं नाव, नट-नट्यांची नावं पुकारली जायची. भोंगा सगळ्याच सिनेमांना उत्तम म्हणायचा, त्यावर कुणी फारसा विश्वास टाकत नसे. लोक बघायचे पहिल्या खेळाला जाऊन आलेल्या माणसाकडे. तंबूतून बाहेर पडणाऱ्यांना पाळण्याजवळ, भेळेच्या गाड्याजवळ गाठून विचारलं जायचं, "कसाय?" आणि उत्तर नुसतं चांगला-वाईट असं नसायचं. "आईला घेऊन जा, रडंल पण आवडंल." "मारामारी चांगलीय, गाणी उगं घातल्यात." "शेवटचं रीळ खराब हाय, आवाज घोगरा येतोय." बायका बायकांना सांगायच्या, पोरं पोरांना. रात्रीच्या दुसऱ्या खेळाला तंबू भरायचा की ओस पडायचा ते या दोन-दोन वाक्यांवर ठरायचं.

बघा, त्या उत्तरात किती काय होतं. कुणासाठी आहे ते होतं, काय चांगलं आणि काय नको ते होतं, शिवाय तंबूतल्या यंत्राची तक्रार सिनेमाच्या तक्रारीपासून वेगळी काढलेली होती. आज आपण थेटरातला एसी बंद होता म्हणून सिनेमाला दोन तारे देतो. या फिरत्या सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी काही वर्षं महाराष्ट्रात फिरून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. तोवर रिळं जाऊन डिजिटल प्रोजेक्टर आले होते आणि तंबूही कमी होत चालले होते. तंबू परत येवोत न येवोत, तंबूबाहेरचं ते बोलणं मात्र आपल्याला आजही जमण्यासारखं आहे, कारण त्याला लागणारं सगळं आपल्यापाशीच आहे.

तोंडी बोलण्याची ताकद किती असते याचा एक मोठा दाखला प्रभात फिल्म कंपनीचा. 'संत तुकाराम' १९३६ साली आला. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. व्हेनिसचा गौरव हा जाणकारांचा. पण वर्षभर खुर्च्या भरल्या त्या एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. ज्या तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्या तालुक्यातून सराटीपर्यंत जाते आणि तिथून नीरा ओलांडते, त्यांच्यावरचा सिनेमा चांगला आहे हे कुणी आकड्याने सांगितलं नव्हतं. "जाऊन बघून ये, मग बोल" एवढ्यावर तो पुढे गेला.

दुसरा दाखला आपल्या जास्त जिव्हाळ्याचा, कारण तो साखरेच्या पट्ट्यातला आहे. 'सामना'. डॉ. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्मिती रामदास फुटाणे यांची. साखर कारखान्याच्या जोरावर अख्खा परिसर मुठीत ठेवणारा हिंदुराव आणि त्याच्यासमोर उभा राहिलेला एक मास्तर, निळू फुले आणि श्रीराम लागू. सुरुवातीला या सिनेमाला फारसा प्रेक्षक मिळाला नाही. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत गेला, बोलबाला झाला, आणि मग आपल्याकडेही लोकांनी तो बघितला. मला यात एक खंत वाटते. कारखान्याच्या गव्हाणीपासून चेअरमनच्या केबिनपर्यंत सगळं जाणणारे लोक या सिनेमाचे सगळ्यात हक्काचे प्रेक्षक होते. त्यांच्यातल्या पहिल्या शे-पन्नास जणांनी चार ठिकाणी सांगितलं असतं की बाबांनो, हे आपलंच आहे, तर बर्लिनची वाट बघावी लागली नसती. कुणी सांगितलं नसेल असं नाही, पण पुरेशा मोठ्याने आणि वेळेवर सांगितलं गेलं नाही.

वेळेवर, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आजच्या थेटराचा हिशोब फार कडक आहे. सिनेमा शुक्रवारी लागतो, शनिवार-रविवारची गर्दी मोजली जाते आणि गर्दी दिसली नाही तर सोमवारपासून खेळ कमी होतात किंवा गैरसोयीच्या वेळेला ढकलले जातात. मोठ्या हिंदी सिनेमाला हे सोसतं, त्याची जाहिरात आधी महिनाभर चाललेली असते. लहान मराठी सिनेमापाशी जाहिरातीला पैसा नसतो. त्याची सगळी भिस्त शुक्रवारी बघून आलेल्या माणसावर. म्हणून एखादा सिनेमा आवडला तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सांगा. "मस्त होता तो, पण आता उतरला" हे महिन्याने सांगून कुणाचंच भलं होत नाही. नाही आवडला तरी सांगा, पण तिथे एक रात्र मधे जाऊ द्या. रागाच्या भरात लिहिलेलं मत बहुतेक वेळा सिनेमापेक्षा आपल्या त्या दिवसाबद्दल जास्त असतं.

आता 'सैराट'बद्दल, कारण त्यावेळी आपल्या भागात जे बोललं गेलं त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. इंदापूर तालुका दोन नद्यांच्या मधला. नीरा ओलांडली की माळशिरस तालुक्यातलं अकलूज, भीमा ओलांडली की करमाळा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याआधीच मार्चमध्ये रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला होता. पडद्यावरची केळीची बाग, विहीर, उसाचं रान, तिथली बोली, सगळं आपल्या ओळखीचं. शंभर कोटींच्या घरात गेलेला पहिला मराठी सिनेमा म्हणून त्याचं नाव झालं, आणि तोही आपल्या उंबऱ्याबाहेरच्या मातीतला. मग साहजिकच प्रत्येकाला त्यावर मत होतं.

त्या मतांचं काय झालं? गाण्यांवर थेटरात पोरं नाचतायत एवढंच कुणी सांगत होतं. ऐकणाऱ्याला वाटायचं की हा निव्वळ नाचगाण्याचा, मौजेचा सिनेमा. अशांपैकी काही जण शेवटी सुन्न होऊन बाहेर आले आणि म्हणाले, आधी कुणी काही बोललं नाही. "यानं पोरं बिघडणार" हे सगळ्यात ठासून सांगणाऱ्यांत न बघितलेलेच जास्त. आणि तिसरी तऱ्हा, जी मला सगळ्यात वाईट वाटते, म्हणजे शेवट सांगून मोकळे होणारे. त्या सिनेमाचा सगळा भार शेवटच्या काही मिनिटांवर होता. ती मिनिटं काय आहेत हे आधी कळलेल्या माणसाने पुढचे अडीच तास वेगळेच बघितले. शेवट मी इथेही लिहीत नाही, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी अजून तो बघितलेला नसेल, आणि त्याचा तो हक्क आहे.

यातच एक नाजूक गोष्ट आहे आणि ती स्पष्ट बोलायला हवी. मंजुळेंचाच 'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा आणि 'सैराट'च्या वेळीही, अमक्याला सिनेमा आवडला म्हणजे तो कुठल्या जातीचा आणि तमक्याला नाही आवडला म्हणजे कुठल्या, असा हिशोब पारावर मांडला गेला. माणसाने तोंड उघडायच्या आत त्याच्या आडनावावरून त्याचं मत ठरलेलं. असं झालं की लोक खरं बोलायचं बंद करतात. ज्याच्या मनाला सिनेमा लागला तो गप्प बसतो, ज्याला एखादा प्रसंग पटला नाही तोही गप्प बसतो, आणि मग फक्त ओरडणारेच ऐकू येतात. कृपा करून हे करू नका. "तुला काय आवडणारच" हे वाक्य सिनेमाच्या गप्पांतून कायमचं काढून टाका. समोरच्याने कारण दिलं तर कारणाशी भांडा, माणसाशी नको.

संथ सिनेमांबद्दल थोडं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१५ च्या एप्रिलमध्ये आला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला होता, पुढे भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला. पुरस्काराची बातमी वाचून गेलेले कित्येक जण "काहीच घडत नाही" म्हणत बाहेर आले. त्यात घडतं पुष्कळ, पण कॅमेरा एका जागी थांबतो, न्यायालयातलं कामकाज जसं रेंगाळतं तसंच दाखवतो, आणि बरीचशी माणसं व्यावसायिक नट नाहीत. ज्याने कधी तारखेसाठी इंदापूरच्या किंवा बारामतीच्या कोर्टात दिवस दिवस बसून काढला आहे त्याला हा सिनेमा नुसता कळेल असं नाही, तर आतून पटेल. पण हे आधी सांगणारा कुणी भेटायला हवा. "हा सावकाश चालतो, रात्री दमून भागून बघू नको, रविवारी दुपारी निवांत बघ." एवढ्या एका वाक्याने एक चांगला सिनेमा आणि एक चांगला प्रेक्षक यांची गाठ पडते. पुरस्कार मिळाला म्हणून आवडलाच पाहिजे असं नाही, आणि पुरस्कारवाला म्हणजे कंटाळवाणा असंही नाही. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ साली आला तेव्हा नाक मुरडणारे पुष्कळ होते, लोकांनी तो डोक्यावर घेतला. लोक चुकले होते असं आज कुणी म्हणत नाही. दोन्हीकडचं ऐकावं आणि आपल्याला काय वाटलं ते न लाजता सांगावं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आकड्याने फसणं सगळ्यात सोपं. मोबाईलवर सिनेमाच्या नावापुढे ५.५ दिसतं. समजा दहा जणांनी मत दिलं. पाच जणांनी १० पैकी १० दिले, पाच जणांनी १. सरासरी ५.५. दुसऱ्या एका सिनेमाला पाच जणांनी ५ दिले आणि पाच जणांनी ६. सरासरी तीच, ५.५. पण पहिल्या सिनेमाने निम्म्या लोकांना जिंकलं आणि निम्म्यांना दुखावलं, दुसरा सगळ्यांना ठीकठाक वाटला. या दोन सिनेमांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि आकडा ते झाकून टाकतो. ऊस किती टन निघाला एवढ्यावर आपण थांबत नाही, साखरेचा उतारा किती पडला तेही विचारतो, तसं इथेही आत डोकावावं लागतं. आयएमडीबी या संकेतस्थळावर कुणी किती तारे दिले त्याची फोड बघायला मिळते, ती उघडून बघा. मत देणारे किती आहेत तेही बघा. पन्नास जणांनी दिलेले ९.५ आणि पन्नास हजारांनी दिलेले ७.५ यांत दुसरा आकडा जास्त भरवशाचा, कारण पहिल्या पन्नासांत सिनेमा करणाऱ्यांचे मित्र-नातेवाईकच किती असतील ते सांगता येत नाही.

रॉटन टोमॅटोज नावाच्या ठिकाणी टक्के दिसतात, त्याचा अर्थ अजून निराळा. तिथले ९० टक्के म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत. दहापैकी नऊ परीक्षकांना सिनेमा बरा किंवा त्याहून चांगला वाटला, एवढंच. नऊ जणांनी "एकदा बघायला हरकत नाही" म्हटलं तरी ९० टक्के होतात. हे कळलं नाही तर मुलगा वडिलांना सांगतो, "९० टक्केवाला आहे," आणि वडील बोर्डाच्या निकालासारखं काहीतरी समजून जातात.

पैसे घेऊन मत देण्याचा धंदाही आहे, स्तुतीचा आणि निंदेचाही. सिनेमा लागताच ठरवून एकदम शेकडो वाईट मतं टाकायची, असे आरोप झाले आणि २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापर्यंत हा विषय गेला. त्याच्या आदल्या वर्षी केंद्र सरकारने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, त्यात खोट्या अभिप्रायांना आळा घालण्याचा विचार आहे. कायदे होत राहतील. आपल्या हातात त्याहून सोपं काहीतरी आहे. न बघितलेल्या सिनेमाबद्दल आलेला मेसेज पुढे पाठवायचा नाही. पाठवायचाच असेल तर वर लिहायचं, "मी बघितलेला नाही." गावच्या ग्रुपवर एवढा एक नियम पाळला गेला तरी निम्मा गोंधळ थांबेल. आणि कुणी कडक मत टाकलं तर त्याला न दुखावता विचारायचं, "कुठं बघितला? कुणाबरोबर?" बघितला नसेल तर तो स्वतःच जरा नरमतो.

मोबाईलवर बघितलेल्याचंही तसंच. जेवताना, फोन घेत, कंटाळवाणा भाग पुढे ढकलत, तीन रात्रींत मिळून बघितलेल्या सिनेमावर मत देता येतं, पण मग तसं सांगा. "मी तुकड्या-तुकड्यात बघितला" हे ऐकल्यावर समोरचा त्या मताला योग्य तेवढंच वजन देतो. अर्धा सोडून दिला असेल तर अर्धा सोडला म्हणा, त्यात कमीपणा नाही. का सोडावासा वाटला हे ऐकणं तर फारच उपयोगाचं असतं.

थेटरात बसून पडद्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवणाऱ्या पोरांना घरच्यांनी समजावून सांगावं. मत देण्याचा तो मार्ग नाही, आणि तो गुन्हा आहे. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगीशिवाय थेटरात चित्रीकरण करणं आणि ते पसरवणं यासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. पोराला वाटतं की मी सिनेमाची जाहिरातच केली. प्रत्यक्षात त्याने बहुधा सिनेमातला सगळ्यात जपून ठेवलेला क्षण गावभर उघडा केलेला असतो.

पोरांचा विषय निघालाच आहे तर आईवडिलांसाठी एक कामाची गोष्ट. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात पूर्वी नुसतं यूए असायचं. २०२४ पासून त्याचे तीन भाग झाले आहेत, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. म्हणजे त्या वयाखालच्या मुलाला दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवायचं. तिकीट काढताना हे बघा. आणि बघून आल्यावर दुसऱ्या पालकांना नेमकं काय आहे ते सांगा. शिव्या आहेत का, रक्त किती आहे, एखाद्या मुलीवर जबरदस्तीचा प्रसंग आहे का, आत्महत्या आहे का, मुलं रात्री घाबरतील असं काही आहे का. गोष्ट न फोडता हे सांगता येतं. शाळेच्या गेटपाशी उभ्या असलेल्या आयांनी एकमेकींना एवढं सांगितलं तर प्रमाणपत्रापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

इतिहासावरच्या सिनेमांना मात्र वेगळी सावधगिरी हवी. 'छावा' २०२५ च्या फेब्रुवारीत आला. संभाजी महाराजांवरचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला. आपल्या जिल्ह्यात तुळापूर-वढू असल्यावर असा सिनेमा बघून ऊर भरून येणारच, डोळ्यांत पाणी येणारच, आणि ते मोकळेपणाने सांगावं. पण सिनेमातला प्रसंग इतिहासाची नोंद म्हणून पुढे पाठवू नका. कादंबरीकार कल्पनेने भर घालतो, पटकथा लिहिणारा अजून घालतो, तो त्यांचा अधिकारच आहे. आपण मत देताना दोन वाक्यं वेगळी ठेवावीत, सिनेमा मला कसा वाटला हे एक, आणि खरं काय घडलं हे जाणून घ्यायला मी काय वाचलं हे दुसरं. दुसऱ्या वाक्यापाशी सांगण्यासारखं काही नसेल तर पहिल्यावर थांबावं. आणि सिनेमा बघून आलेला राग आपल्या आजच्या शेजाऱ्यावर काढायचा नसतो, हे घरातल्या मोठ्यांनी तरुण मुलांना बसवून सांगितलं पाहिजे.

घरात कुणाचं मत विचारलं जातं, याकडे जरा बघा. सिनेमा कोणता बघायचा हे बहुतेक ठिकाणी गाडी चालवणारा ठरवतो, आणि कसा होता हेही तोच सांगतो. मागे बसलेल्या आई, बायको, बहीण यांना कुणी विचारत नाही. २०२३ च्या जूनअखेरीस केदार शिंद्यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, कुठला मोठा हिरो नाही. बायकांनी बायकांना सांगितलं आणि घोळके करून, नटूनथटून ठिकठिकाणच्या थेटरांत गेल्या. कित्येक जणी वर्षानुवर्षांनी थेटरात पाऊल टाकत होत्या. त्यांचं मत आधी विचारणाऱ्यांची संख्या कमी होती म्हणून अनेकांना ते यश बघून आश्चर्य वाटलं. पुढच्या वेळी थेटरातून परत येताना गाडीत आधी आईला विचारा, "तुला कुठलं आवडलं?" ती "चांगला होता" एवढंच म्हणेल. तिथे थांबू नका. कुठला माणूस खरा वाटला, कुठल्या ठिकाणी आपल्या घरातलं काही आठवलं, असं विचारा. भवानीनगर यायच्या आत ती असं काहीतरी बोलून जाईल जे तुमच्या लक्षातही आलेलं नसेल. ग्रुपवर लिहाल तेव्हा तिचंही मत लिहा, तिच्याच शब्दांत.

शेवटचं सांगणं गणेश मंडळांना आणि शाळांना. उत्सवात पडदा लावून सिनेमा दाखवायची हौस आपल्याकडे अजून आहे, चांगली आहे. कुठून तरी उतरवून घेतलेली प्रत दाखवू नका, हक्क कुणाकडे आहेत ते विचारून, परवानगी काढून दाखवा. सिनेमा निवडताना मंडळाच्या पोरांबरोबर दोन वयस्क बायका आणि एखादे शिक्षक बसू द्या. आणि सिनेमा संपला की लगेच आरती किंवा ऑर्केस्ट्रा सुरू करू नका. अर्धा तास दिवे लावून सतरंजीवर बसा. आधी पोरांना बोलू द्या, मग बायकांना, पुढाऱ्यांना सगळ्यात शेवटी. माईक फिरवताना प्रत्येकाला एवढंच विचारायचं, कुठला प्रसंग लक्षात राहिला आणि का. पहिल्या वर्षी चार जणच बोलतील. त्या चौघांची मतं दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या फळ्यावर लिहून लावा, म्हणजे पुढच्या वर्षी बोलायला येणाऱ्यांना धीर येईल.